आप्पांची गोळी

८ जानेवारी

आप्पांनी आज शर्टाची बटणं स्वतः लावली. गळ्याजवळचं सुद्धा. संदीप कंपनीत निघाला होता, एक बूट पायात, एक हातात, तसाच बघत उभा. बस चुकली त्याची. एवढा मोठा माणूस बापाला बटण लावताना बघून डोळे पुसतो. मीही पुसले.

सहा वर्षं झाली. कंपवाताने आधी सही नेली, मग चाल, मग आवाज. कुरुळीत अजून लोक सासऱ्यांना पैलवान म्हणतात, आणि पैलवान खुर्चीत पोत्यासारखे. घास आम्ही भरवायचा, तोंड आम्ही पुसायचं. डॉक्टरबाईंनी डिसेंबरात जुन्या गोळ्यांच्या जोडीला ही नवी दिली आणि महिन्याभरात हे...

सासूबाईंना म्हटलं, आई, बघितलंत का? "बघितलं." झालं, पुढे काही नाही. संध्याकाळी आप्पांनी खुंटीवरचा टॉवेल काढायला हात वर केला, तर शेजारून जाणाऱ्या सासूबाई एकदम मागे सरल्या. हातातला चहा सांडला. मी विचारलं, ते पडतील असं वाटलं का? त्या फरशी पुसत राहिल्या.

११ जाने., रविवार

संदीपला गोळीचं नीट समजावलं. हालचालीला मेंदूत डोपामीन लागतं. आप्पांचं बनणंच कमी झालंय, आणि जुन्या गोळीतून जे मिळतं तेही एक एंझाइम लगेच तोडून टाकतं. नवी गोळी त्या एंझाइमला जाऊन चिकटते, कायमची. चाकणच्या कांदा मार्केटचं उदाहरण दिलं. बाजार उठला की झाडणारे सगळं लोटून नेतात. झाडणाऱ्यांना गेटवरच अडवलं तर माल जागेवर राहतो.

"आणि कचरा?" संदीप.

हसले. म्हटलं, कचराही राहतो थोडा.

लॅबमध्ये माझं स्वतःचं काम याच जातीचं, एंझाइम तेवढं वेगळं. आमचं जे तोडतं ते जिव्हाळ्याचं हार्मोन, ज्याने आई पिलाला पोटाशी घेते ते. ते तुटू दिलं नाही तर राग कमी होईल, अशी क्लायंटची आशा. औषध त्यांचं, उंदीर आमचे. उद्यापासून डोस सुरू.

१४ जाने., संक्रांत

बबनराव तिळगूळ घेऊन आले. समोरचेच, आप्पांच्या तालमीतले जोडीदार. बायको गेल्यापासून रोज एक चक्कर असते. आप्पा खुर्चीत होते तेव्हा त्यांना उचलून संडासला नेणारा हा माणूस. सासूबाईंच्या हातावर वडी ठेवून म्हणाले, "वहिनी, गोड बोला."

ते गेल्यावर आप्पा: "तिच्या हातात का दिली? ताटलीत ठेवायची व्हती."

संदीप हसला. "आप्पा, तिळगूळ आहे तो!"

आप्पा हसले नाहीत. आवाज मात्र किती खणखणीत आलाय. खूप दिवसांनी शेजारच्या खोलीत ऐकू येतो.

२४ जाने.

आप्पा चौकापर्यंत चालत गेले आणि आले. काठी नुसती शोभेला.

पण बबनरावांचं डोक्यातून जात नाहीये. आज सासूबाईंच्या चपलांचे तळवे बघत बसले होते, माती लागली आहे का म्हणून. विचारतात, दुपारी ही कुठे जाते? दार का लावते? मला एकटीला गाठून म्हणाले, "पोरी, तू शिकलेली हायेस. तुला कळत असंल. सगळ्यांना म्हाईत हाय, मलाच कुनी सांगत न्हाई."

संदीपला सांगितलं. तो म्हणाला, इतकी वर्षं एका जागी बसून डोकं कुजलंय, फिरायला लागले की जाईल. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

१ फेब्रु., रविवार

लिहून ठेवते, नाहीतर उद्यापर्यंत आम्ही सगळे मिळून याला ‘पडल्या’ म्हणू लागू.

सकाळी पोहे झाले होते. सासूबाई ओट्याशी लसूण सोलत होत्या. आप्पा आत आले, ताठ, काठीशिवाय.

"काल दुपारी दार का लावलं व्हतं?"

"मांजर येतंय म्हनून."

"मांजर का बबन?"

आणि भरलेला पितळी तांब्या उचलून कपाळावर. पाणी, रक्त, लसणाची सालं. दुसरा घाव खांद्यावर. मी मध्ये पडले तर कोपराने असं लोटलं की फ्रिजवर आदळले. सासूबाई ओरडल्या नाहीत. दोन्ही हातांनी डोकं झाकून कोपऱ्यात खाली बसल्या, चटकन, जागा आधीच ठरलेली असल्यासारख्या. संदीपने मागून कवळ घातली तेव्हा आप्पा थांबले. तांब्याला पोचा.

दारात आमची ईरा. आठ वर्षांची पोर. रडलीसुद्धा नाही.

हॉस्पिटलात विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बाथरूममधी पाय घसरला." भुवईला टाके. रिक्षात मी म्हटलं, आई, खोटं का... तर म्हणाल्या, "तू गप ऱ्हा."

२ फेब्रु.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. संशय, भास, चिडचिड, या औषधांनी काहींना होतं. नवी गोळी आजच बंद करा. जुन्या मात्र अजिबात बंद करायच्या नाहीत, एकदम सोडल्या तर जीवावर बेतेल. पुढच्या आठवड्यात घेऊन या.

हे मला माहीत नव्हतं का? गोळीच्या पाकिटातला कागद मी वाचला होता. बारीक अक्षरातलं सगळं वाचलं होतं. बटणं लागल्यावर विसरले.

संध्याकाळी संदीपशी कडाक्याचं भांडण.

"म्हणजे परत खुर्चीत? परत आपण भरवायचं?"

"आईंचा डोळा थोडक्यात वाचलाय, संदीप."

"एकदा झालं गं. एकदा. तू त्यांना चालताना बघितलंस ना?"

गोळ्यांचं पाकीट त्याने हिसकावलं, मी परत हिसकावलं. माझं मनगट पिरगळलं गेलं. त्याने लगेच सोडलं, स्वतःच घाबरला. 

४ फेब्रु.

लॅबमध्ये उंदरांची गाठ घालून देण्याची चाचणी. एका पिंजऱ्यात एकत्र वाढलेले नर, त्यांना आमचं औषध. एकमेकांत बघावं तर कमाल! भांडण नाही, एकमेकांच्या अंगावर झोपतात, एकमेकांची मान चाटतात. क्लायंटच्या माणसाने व्हिडिओवर टाळी वाजवली. मग नियमाप्रमाणे परका नर आत सोडला. आम्ही पिंजरा उघडेपर्यंत त्याचं पोट फाडलं होतं. सगळ्यांनी मिळून.

प्राण्यांचे डॉक्टर इम्रानभाई, देहूरोडचे, माझ्या आधीपासून इथे आहेत. मेलेला उचलून पिशवीत घालताना म्हणाले, "मॅडम, आपल्यांची माया वाढली की परक्याचं काही खरं नाही."

मी तो व्हिडिओ वेगळा जपून ठेवला. 

७ फेब्रु.

ईराला राजगुरुनगरला माझ्या आईकडे सोडून आले. शाळा बुडेल, बुडू दे.

गोळी बंद आहे, पण फरक नाही. संदीपला वाटतं, मग गोळीचा दोष नव्हताच. त्याला सांगितलं: ही गोळी एंझाइमला नुसतं धरून ठेवत नाही, कामातून घालवते. गोळी पोटातून गेली तरी मेलेलं एंझाइम जिवंत होत नाही. शरीराला नवं बनवावं लागतं, हळूहळू. दोन आठवडे, तीनही लागतील. तोवर आप्पा असेच.

"तोवर काय करायचं?"

सुऱ्या, खलबत्ता, विळी माळ्यावर टाकली. सासूबाई आमच्या खोलीत झोपतात. संदीपने आणि मी रजा वाटून घेतली.

११ फेब्रु.

बबनराव. अरे देवा.

सकाळची वेळ, डेअरीवर दुधाची गर्दी. संदीप अंघोळीला गेला, तेवढ्यात आप्पा बाहेर. मी मागे धावले. बबनराव किटली घेऊन उभे होते. त्यांना वाटलं जोडीदार भेटायला येतोय. हसून हात पुढे केला. आप्पांनी खाली वाकून कुस्तीतला पटच काढला. सत्तरीचा माणूस! दोन्ही पाय उपसून बबनरावांना सिमेंटच्या कट्ट्यावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग छातीवर गुडघा आणि डोकं धरून कट्ट्यावर, एकदा, परत, परत. दूध सगळं रस्त्यावर, त्यात लाल धार. आप्पा काही बोलत नव्हते. नुसते श्वास. मी पाठीवर बुक्क्या मारत होते, त्यांना पत्ताच नाही.

चौघांनी ओढलं तेव्हा तोंडात बबनरावांच्या कानाचा तुकडा होता.

नंतर तिथेच कट्ट्यावर बसले आणि मला म्हणाले, "पानी दे." साध्या आवाजात.

१२ फेब्रु.

बबनरावांचा मुलगा सुहास काल दुपारीच पोरं घेऊन आला होता. आमच्या मोटरसायकलवर दगड घातला, खिडक्या फोडल्या, दाराला लाथा. संदीप समजवायला बाहेर गेला, त्याला कॉलर धरून कानाखाली दोन, मग खाली पाडून लाथा. "म्हातारा वेडा हाय म्हनं! आनि आमचा बाप काय रस्त्यावं पडलाय?" चुलतभाऊ, मित्र, कोण कोण. यातल्या निम्म्यांना लहानपणी आप्पांनी तालमीत लंगोट बांधायला शिकवलेलं.

मी गॅलरीतून ओरडले, आजारी आहेत रे ते, औषधाने झालंय! खालून एकजण ओरडला, "मग आमाला पन दे की ती गोळी!" आणि सगळे हसले. हसत हसत मारत होते.

पोलीस आले. आप्पांचं वय, डॉक्टरांचे कागद बघितले. बबनरावांचा जबाब झाल्यावर ठरवू म्हणाले.

संदीपच्या बरगडीला मुका मार. डोळा काळानिळा. काल झोपताना पुटपुटला, "पट काढला गं त्यांनी. मी तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आलो, बघितलं. खरंच पट काढला." त्या आवाजात भीती होती. आणि अभिमानही होता. दोन्ही मला ऐकू आले.

१४ फेब्रु.

हॉस्पिटलात बबनरावांना भेटायला गेले. सुहासने दारातच अडवलं, पण आतून हाक आली, "येऊ दे तिला."

खांद्याचं हाड, दोन बरगड्या, डोक्याला टाके, कानाला पट्टी. मी पाय धरले. म्हणाले, "उठ, उठ. तक्रार द्यायची न्हाई मला. सुहासला सांगितलंय." मग: "पकड बघितली का त्याची? तशीच हाय. येक मिनिट मला वाटलं, आमी परत आखाड्यात हाय." आणि हसायला गेले, तर बरगड्यांनी कळवळले.

मग डोळे मिटून म्हणाले, "वहिनींना जप. त्यांचं कुनी बघितलं न्हाई कधी. मीबी न्हाई."

म्हणजे काय, ते विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

१५ फेब्रु., महाशिवरात्र

सासूबाईंचा उपास. साबुदाणा भिजवत होत्या. संदीप आप्पांना पुढच्या खोलीत घेऊन बसलेला. मी समजूत घालायला म्हटलं, आई, हे आप्पा नाहीत. गोळीचा परिणाम आहे. थोडे दिवस. नवं एंझाइम बनलं की आपले आप्पा परत येतील.

"कोनचे आपले?"



पदर सारून डावं मनगट दाखवलं. इतकी वर्षं मी त्याला संधिवात समजत होते. हाड वाकडं जुळलेलं आहे. "हे संदीप दोन वर्साचा असताना. कोनतरी दीर लागत व्हता, त्याच्याशी हसून बोलले म्हनून." मग डोक्यातली एक जागा, जिथे केस नाहीत. मग म्हणाल्या, "तांब्या पैल्यांदा न्हाई बसला. पैल्यांदा तू बघितलास."

मी पातेलं घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिलं नाही.

"ह्यांना कंप सुटला ना, तवा सगळे देवाला नवस बोलले. मी न्हाई बोलले. खरं सांगते. भरवलं, धुतलं, सगळं केलं. पन सहा वर्सं मी ह्यांच्याकडं पाठ करून सैपाक केला, रोहिणी. पाठ करून. तुला न्हाई कळायचं." साबुदाण्यातलं पाणी काढत होत्या. "तुमच्या गोळीनं नवं काय आनलं न्हाई. जुनंच माघारी आलं."

संध्याकाळी संदीपला विचारलं, तुला लहानपणचं काही आठवतं का? म्हणाला नाही. फार पटकन म्हणाला.

१६ फेब्रु.

आप्पांना घेऊन जायची सोय नव्हती, मी एकटीच चिंचवडला जाऊन डॉक्टरबाईंना भेटले. त्यांना विचारलं: गोळी की माणूस?

पेन फिरवत बसल्या. "गोळीमुळे संशय येतो, हे मी सांगू शकते. कुणावर घ्यायचा आणि हात कसा उचलायचा, ते गोळी शिकवत नाही. पण त्या गोळीशिवाय सहा वर्षं त्यांनी तसं केलं नव्हतं, हेही खरं."

"करता येत नव्हतं म्हणून."

"कदाचित."

बसमध्ये उभ्याने आले. मोशीपासून ट्रॅफिक. डोक्यात तेच तेच.

१९ फेब्रु., शिवजयंती

सुट्टी. मिरवणूक, स्पीकरच्या भिंती, खिडक्यांना लावलेले पुठ्ठे थरथरत होते. संदीप सुहासच्या काकांशी बोलायला गेलेला. सासूबाई आतल्या खोलीत, आतून कडी.

आप्पा दारावर धडका मारू लागले. "कोन हाय आत? बाहीर काढ त्याला!" मी म्हटलं, आप्पा, बबनराव हॉस्पिटलात आहेत, तुम्हीच... तर वळले आणि माझे केस धरले. ओढत स्वयंपाकघरात. डोकं ओट्याच्या कडेवर. डोळ्यांपुढे पांढरं. परत. तोंडात रक्ताची चव आली, दात ओठात रुतला होता. मी ओरडत होते, पण बाहेरच्या आवाजात मलाच ऐकू येत नव्हतं.

हाताला लाटणं लागलं. त्यांच्या हातावर मारलं. केस सुटले. ते मागे सरकले, भिंतीला टेकले, हात पोटाशी धरला. तिथे थांबायला हवं होतं.

नाही थांबले. परत त्याच हातावर. मग खांद्यावर. मग पाठीवर, ते वळले तेव्हा. आप्पा खाली बसले, दोन्ही हातांनी डोकं झाकून कोपऱ्यात, सासूबाई बसल्या होत्या तसेच. आणि मी मारत होते. बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं. आईंच्या मनगटाचा, ईराच्या गप्प तोंडाचा...

कुणीतरी मागून माझा हात धरला. सासूबाई. कडी काढून बाहेर आल्या होत्या. "पुरं," म्हणाल्या. "आता तू बी नगं."

मी तर कुठलीच गोळी घेतलेली नाही.

२० फेब्रु.

आप्पांच्या हाताला फ्रॅक्चर. प्लास्टर. हॉस्पिटलात विचारलं, काय झालं?

"बाथरूममध्ये पाय घसरला," मी म्हटलं.

संदीप माझ्याकडे बघत राहिला. माझ्या ओठाला टाका, त्याचा डोळा हिरवा-पिवळा. घरी आल्यावर त्याने आप्पांना खुर्चीत बसवलं. मग म्हणाला, "मला आठवतं." एवढंच. मी त्याच्याजवळ बसून राहिले. शाळेतून आला की तो आधी दाराबाहेर उभा राहून आतला आवाज ऐकायचा, म्हणे.

२७ फेब्रु.

उतरतंय. परवापासून आप्पांचे पाय उंबऱ्याशी चिकटतात. आज चमचा तोंडापर्यंत जाईना, डाळ छातीवर. आवाज परत घशात गेला. बबनरावांचं नाव नाही.

भरवत होते मी.  मध्येच त्यांचे डोळे भरून आले. जवळ गेले तेव्हा शब्द लागले: "बबनचा कान..."

म्हणजे आठवतंय. सगळं आठवतंय.

माझ्या ओठाकडे बघितलं, स्वतःच्या प्लास्टरकडे. मला माफी मागायची होती. त्यांनाही असेल. मी पुढचा घास दिला.

तोंड पुसताना म्हणाले, "ती गोळी दे."

"आप्पा, ती नाही घ्यायची आता."

"दे. मला बांधून ठेवा. साखळीनं बांधा. पन दे." पाय दाखवले. "हे असं न्हाई मरायचं मला."

५ मार्च

लॅब. क्लायंट खूश आहे. एकाच पिंजऱ्यातले आकडे त्यांना पुरेसे वाटतात, परक्या नराचा भाग ‘पुढे बघू’. मीटिंगमध्ये मी म्हटलं, पुढे नको, आत्ता. पोट फाडल्याचे व्हिडिओ सगळ्यांना दाखवले. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला. "रोहिणी, माणसं म्हणजे उंदीर नव्हेत."

म्हटलं, सर, माझ्या घरी या.

इम्रानभाईंनी टेबलाखालून पाय दाबला, तेव्हा बसले. चाचणी परत करणार आहेत. बघू.

९ मार्च

डॉक्टरबाईंची केबिन. चौघेही. आप्पा चाकाच्या खुर्चीत.

त्या म्हणाल्या, दुसरं एक औषध आहे. त्याच एंझाइमवर, पण ते एंझाइमला कायमचं मारत नाही, नुसतं धरून ठेवतं. बंद केलं की थोड्याच दिवसांत उतरतं. अगदी कमी डोस, जोडीला संशयावरची गोळी. पूर्वीइतकं चालणार नाहीत, पण चमचा धरतील, चार पावलं टाकतील. भांडण परत सुरू होणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. घरच्यांनी ठरवा.

आप्पा: "पायजे." सगळ्यांना ऐकू आलं.

संदीप माझ्याकडे. मी सासूबाईंकडे. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, तुमचं काय म्हणणं?"

"मला आधी कुनी इचारलं व्हतं?" भुवईवरची खूण ताणली गेली. मग आप्पांकडे न बघता बोलल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नवऱ्याला एकेरी म्हणताना ऐकलं. "द्या त्याला गोळी. बसून बसून सडतोय मानूस, मला दिसत न्हाई व्हय? पन मी त्या घरात न्हाई ऱ्हायची. आधी मला बाहीर काढा, मग त्याला पाय द्या."

आप्पांचा चेहरा या आजारात हलत नाही. काय वाटलं ते कळायचं साधनच नाही.

१२ मार्च

सासूबाई राजगुरुनगरला, माझ्या आईकडे, ईराजवळ. पिशवीत दोन साड्या, औषधं, लसूण निवडायची जुनी चाळण का कोण जाणे. निघताना आप्पांपुढे उभ्या राहिल्या. "जेवत जावा," म्हणाल्या. परत अहो-जाहो. गाडीत मागे वळून बघितलं नाही.

ईरा फोनवर: "आजी माझ्या शेजारी झोपणार!"

१९ मार्च, पाडवा

गुढी संदीपने एकट्याने उभारली. नवी गोळी आजपासून. मीच दिली, मीच पाणी दिलं. आप्पांनी जीभ वर करून दाखवली, गिळली म्हणून. लहान मुलासारखं. सुहास गल्लीतून गेला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बबनराव घरी आलेत, खिडकीत बसतात.

२४ मार्च

चमचा तोंडापर्यंत जातो. अर्ध्यात थोडा सांडतो. आज खुर्चीच्या हातांना धरून उभे राहिले, संदीपने टाळी वाजवली नाही. नुसता बाजूला उभा राहिला, हात मोकळे ठेवून.

सासूबाई गेल्यापासून आप्पा रोज एकच विचारतात. पहिल्या दिवशी कान तोंडाशी न्यावा लागला, तेव्हा कळलं, "ती कुठं हाय?" मी सांगते, ईराकडे आहेत, बऱ्या आहेत. मान हलवतात. कधी डोळे भरतात. माझ्या आईला फोन लावून दिला तर सासूबाई बोलायला येत नाहीत, पण आईला विचारतात, जेवले का.

आज सकाळी मी ओट्याशी भाकरी थापत होते, पाठ करून.

"ती कुठं हाय?"

पार स्वयंपाकघरापर्यंत आला आवाज. स्वच्छ, भरदार. डोस लागू पडतोय.

हात पिठात तसाच राहिला. आठवण काढतायत की तपास करतायत, ते नुसत्या आवाजावरून ओळखायचा मी प्रयत्न केला. मग वळले.